ग्रामसभेच्या ठरावासंबंधी एका निवृत्त शिक्षिकेचे खुले पत्र

प्रति,
माननीय सरपंच, सर्व पंच सदस्य, देवस्थान समितीचे पदाधिकारी आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेला उपस्थित असलेले समस्त ग्रामस्थ

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो ठराव मांडला गेला तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची शिक्षा भोगून तुरुंगातून सुटून आलेल्या त्या माणसाला गावात राहू देऊ नये, त्याला वास्तव्याचा दाखला देऊ नये, कोणी खोली भाड्याने देऊ नये, कामावर ठेवू नये आणि वाड्याच्या तोंडावर त्याचा फोटो असलेला फलक लावावा, असे त्यात होते. बहुतेकांनी हात वर केले. मी हात वर केला नाही, पण उठून विरोधही केला नाही. एकतीस वर्षे सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मुलांना ‘खरे बोलायला घाबरू नका’ असे शिकवणारी मी त्या दिवशी गप्प बसले, आणि त्याची टोचणी मला स्वस्थ बसू देत नाही. जे तिथे बोलायला हवे होते ते आता लिहीत आहे, आणि असाच प्रश्न गोव्यातील दुसऱ्या गावांपुढेही उभा राहणार असल्यामुळे ते सर्वांसमोर लिहीत आहे.

या पत्रात मी गावाचे नाव लिहिलेले नाही, त्या माणसाचेही नाही. ज्या बालकावर अत्याचार झाला ते मुलगा की मुलगी, त्या वेळी किती वर्षांचे होते, आज कुठे असते, यांपैकी एक शब्दही तुम्हाला येथे सापडणार नाही. आपल्या फलकामुळे मात्र नेमकी हीच ओळख उघडी पडू लागली आहे. तो लागल्यानंतरच्या आठवड्यात बाजारात मला तिघांनी विचारले, ‘बाई, ते मूल कोणाचे हो?’ दहा वर्षे ज्या कुटुंबाने मान खाली घालून, तोंड मिटून कसेबसे दिवस काढले, त्यांच्या दारापर्यंत आपण पुन्हा बोट नेऊन ठेवले. अत्याचारग्रस्ताची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि आपल्यासारख्या लहान गावात गुन्हेगाराचा फोटो पाहून पीडित कोण हे ओळखायला कोणाला फार वेळ लागत नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही की तो फलक आजच उतरवावा. पत्रातले बाकी काही पटले नाही तरी एवढे करावे.

मी काय मागत नाही हे आधीच सांगते, कारण ‘बाईंना त्याची दया आली’ असे वाड्यावर बोलले जात असल्याचे माझ्या कानावर आले आहे. त्याला क्षमा करा असे मी म्हणत नाही. क्षमा करण्याचा किंवा न करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा आहे. तो गावाचा नाही, देवस्थानाचा नाही आणि माझाही नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी बिल्किस बानो प्रकरणातील अकरा गुन्हेगारांना शिक्षेत सूट मिळून ते गोध्राच्या तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा त्यांना हार घालून पेढे भरवले गेले. ते चित्र पाहून मला रात्रभर झोप लागली नव्हती. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि त्यांना परत तुरुंगात जावे लागले. ज्याने बाईमाणसाला किंवा लेकराला ओरबाडले त्याचे स्वागत करणे म्हणजे पीडितावर पुन्हा एकदा हात टाकणे होय. माझे म्हणणे त्या हारापासून जितके दूर आहे तितकेच आपल्या ठरावापासूनही दूर आहे.

हा माणूस जुलैमध्ये कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटला. न्यायालयाने, बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली दिलेली दहा वर्षांची शिक्षा त्याने भोगली. आपल्याकडे पूर्ण शिक्षा भोगून सुटलेल्या माणसावर सर्वसाधारणपणे कोणत्याही खात्याची नियमित देखरेख उरत नाही, कोणी परिवीक्षा अधिकारी महिन्याला त्याच्या दारात येत नाही. केंद्र सरकारने २० सप्टेंबर २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, पण ती पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. तो माणूस आज जेवला का, प्यायला का, कोणाच्या घरी बसला आहे, हे त्या नोंदवहीतून कळत नाही. ते कळते शेजाऱ्याला. ठराव करून आपण त्या शेजाऱ्यालाच बाजूला केले आहे.

त्याने आधी म्हापशात एक खोली घेतली होती. भाडेकरूच्या पडताळणीसाठी घरमालक पोलीस ठाण्यावर गेला तेव्हा सारे उघड झाले आणि चौथ्या दिवशी सामान रस्त्यावर आले. वेल्डिंगचे काम शिकून आला होता, ते एका ठिकाणी मिळाले आणि दोन आठवड्यांत गेले. मग तो म्हाताऱ्या आईकडे आला. चवथीच्या तिसऱ्या दिवशी घुमट आरतीची मंडळी घरोघर फिरत होती, तेव्हा मी माझ्या पडवीत उभी होते. त्याच्या आईने दारात दिवा लावून ताटात नेवऱ्या भरून ठेवल्या होत्या. मंडळी त्या घराजवळ आली, घुमट थांबले, शामेळ थांबले, सगळे जण खाली मान घालून ते घर ओलांडून गेले आणि पुढच्या साकवापाशी पोहोचल्यावर वाद्ये पुन्हा सुरू झाली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्या मंडळीत लहान मुले होती आणि त्या घरात कोणाचेही पाऊल पडावे असा आग्रह मी धरणार नाही. पण त्यानंतर त्या माणसाने दारच लावून घेतले, आणि तेव्हापासून तो दिवसा फारसा दिसत नाही. काळोख पडल्यावर दारूच्या तावेर्नात जातो, उशिरा परततो. गावाला हायसे वाटले असेल. मला मात्र तेव्हापासून अधिक भीती वाटू लागली आहे.

या विषयाचा अभ्यास करणारे लोक जे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, ते आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे. एकटेपणा, बेकारी, राहायला पक्की जागा नसणे, दारू, आणि ‘आता आपल्याला गमावण्यासारखे काही उरले नाही’ ही भावना, या साऱ्या गोष्टी पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका वाढवतात. आपल्या ठरावाने त्याला या पाचही गोष्टी एकदम दिल्या.

हाकलून दिले तर तो जाईल कुठे? अमेरिकेत मायामी शहराच्या परिसरात असा नियम झाला की अशा गुन्हेगारांनी शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहू नये. नियम वरवर पाहता योग्यच वाटतो. पण शहरात राहायला जागाच उरली नाही, आणि २००७ च्या सुमारास सुटलेली माणसे ज्युलिया टटल नावाच्या पुलाखाली खाडीच्या काठी तंबू आणि फळकुटांच्या झोपड्या टाकून राहू लागली. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली की २०१० मध्ये ती वस्ती हलवावी लागली. त्याच देशातील मिनेसोटा राज्याच्या कारागृह खात्याने अशा नियमांचा खरोखर उपयोग होतो का हे तपासले: सुटल्यानंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात परतलेल्या २२४ जणांची प्रकरणे एकेक करून पाहिली. राहण्याच्या जागेवरील बंदीमुळे टळला असता असा त्यांत एकही गुन्हा सापडला नाही. कारण बहुतेकांनी शाळेबाहेर उभे राहून अनोळखी मूल गाठलेले नव्हते; ओळखीतून, नात्यातून, घरोब्यातून ते मुलांपर्यंत पोहोचले होते.

आपल्याकडेही वेगळे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या गुन्ह्यांतील आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांहून अधिक दिसते. गोव्याला तर हे नव्याने सांगायची गरज नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी त्याला शिक्षा झाली; पकडला जाईपर्यंत लोक त्याला परोपकारी म्हणून ओळखत होते. त्या प्रकरणाने गोवा हादरला आणि पुढे २००३ चा गोवा बाल कायदा आला.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाविषयी लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही. १९९४ च्या सुमारास मी दुसऱ्या तालुक्यातील एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती. शाळा सुटल्याची घंटा झाली की बाकीची पोरे पिशव्या हलवत पळत सुटत आणि ही बाकावर बसून पेन्सिलीला टोक काढत राही. टोक निघाले तरी काढतच राही. एक पेन्सिल दोन दिवसांत बोटाएवढी होई. ‘घरी नाही का जायचे?’ असे मी विचारले की म्हणे, ‘बाई, अजून टोक बरे नाही आले.’ मी हसून कुलूप घेऊन दारात उभी राहत असे. घरात राहणारा तिचा मामा तिच्याशी काय करत होता हे काही वर्षांनी कळले. तेही कुजबुजीतून, आणि तक्रार कोणीही केली नाही. तो माणूस शेवटपर्यंत गावात मानाने वावरला, सप्ताहाच्या भजनात पुढे बसत राहिला. त्याच्याविरुद्ध कधी ठराव झाला नाही. ज्याच्यावर खटला चालला, जो तुरुंगात गेला, ज्याचे काय ते सर्वांना ठाऊक आहे, अशाच्या विरोधात एकजुटीने उभे राहणे सोपे असते. ज्याच्याविषयी कोणाला काहीच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून कोणी बोलत नाही, त्याच्यापासून मुलांना कसे वाचवायचे हे आपण ग्रामसभेत एकदाही बोललो नाही. सभा संपून लोक घरी जाताना मला ती पेन्सिल आठवत होती.

आपल्या गावापुढे हा प्रश्न आजच का आला, तेही पाहा. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याखाली सुरुवातीच्या वर्षांत ज्यांना सात-दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या, ते याच काळात एकेक करून बाहेर येत आहेत. २०१९ नंतर शिक्षा पुष्कळ वाढल्या आणि काही गुन्ह्यांत मरेपर्यंत तुरुंग आला, पण आधीच्या शिक्षा संपत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या गावात राहावेच लागणार. आपण आपल्या माणसाला डिचोलीत पाठवायचे, डिचोलीने त्यांच्या माणसाला आपल्याकडे, असे करत राहिलो तर प्रत्येक गावात असा माणूस येईल ज्याला तिथे कोणीही ओळखत नाही. संविधानाच्या कलम १९ ने नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, तो काढून घेण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, हेही खरेच. पण कायद्याची भीती घालून ठराव मागे घ्या असे मी म्हणत नाही. मुलांच्या भल्यासाठी मागे घ्या, असे म्हणते.

मग करायचे काय? कॅनडातील हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये असाच पेच उभा राहिला होता. मुलांवर अनेकदा अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. पूर्ण शिक्षा भोगलेली असल्यामुळे त्याच्यावर देखरेख ठेवायला कोणी अधिकारी नव्हता. शहर संतापले, पोलीसही चिंतेत होते. तेव्हा मेनोनाइट पंथाच्या एका लहानशा चर्चचे पाळक हॅरी नाय यांनी आपल्या काही सहकाऱ्यांना घेऊन त्या माणसाभोवती एक कडे केले. ते रोज त्याला भेटत, बाजारात त्याच्याबरोबर जात, चिडलेल्या शेजाऱ्यांशी बोलत आणि त्याला तोंडावर प्रश्न विचारत. पुढे तो मरेपर्यंत त्याच्याकडून पुन्हा तसा गुन्हा घडला नाही. त्यातून जी पद्धत तयार झाली तिला आज ‘आधार आणि उत्तरदायित्वाचे वर्तुळ’ म्हणता येईल. २००२ मध्ये ती इंग्लंडमध्ये गेली, नंतर इतर देशांत. या वर्तुळांची दोन वाक्ये ठरलेली आहेत: यापुढे एकही बळी नको, आणि कोणताही माणूस फेकून देण्याजोगा नाही. पहिले वाक्य पहिले आहे, हे लक्षात घ्या.

वर्तुळात चार ते सहा सामान्य माणसे असतात, ज्यांना प्रशिक्षण दिलेले असते. त्यांच्या मागे दुसरे, बाहेरचे वर्तुळ असते: पोलीस, मानसोपचारतज्ज्ञ, परिवीक्षा अधिकारी. सुटलेला माणूस स्वतःच्या इच्छेने लेखी करार करतो, आपण काय केले हे वर्तुळापुढे उघड मान्य करतो, आणि कोणत्या प्रसंगी आपला तोल जातो तेही सांगतो. वर्तुळ त्याला काम शोधायला, दाखला काढायला, दवाखान्यात जायला मदत करते. पण तो प्यायला लागला, खोटे बोलला, मुलांच्या आसपास रेंगाळू लागला, तर आधी त्याला जाब विचारते आणि धोका दिसताच पोलिसांना कळवते. हे गुपित राखण्याचे ठिकाण नाही. मिनेसोटा राज्याने याची कसून परीक्षा घेतली: शंभर जणांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले, अर्ध्यांना वर्तुळ दिले आणि अर्ध्यांना नाही. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार वर्तुळ मिळालेल्यांमध्ये लैंगिक गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. शंभर माणसे म्हणजे फार मोठी संख्या नव्हे आणि हा आकडा डोळे झाकून स्वीकारावा असे मी म्हणत नाही. तरी हाकलून दिल्यामुळे धोका कमी झाल्याचा इतपत पुरावाही माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आपल्याकडे यातले काय जमेल? पंचतारांकित काही नको. पाच माणसे हवीत, त्यांत निदान दोन बायका, आणि त्या माणसाचा नातेवाईक एकही नको. बांबोळीच्या मनोविकार संस्थेतील तज्ज्ञांनी त्या पाच जणांना तयार करावे, आणि त्याने तिथे उपचारासाठी नियमित जावे; कदंब बसचे तिकीट वर्तुळ काढील आणि एक जण बरोबर जाईल. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी त्याने शाळेच्या वाटेवर असू नये. मूल असलेल्या घरात त्याने पाऊल टाकू नये. जत्रेला, शिगम्याला वर्तुळातील माणसाबरोबर यावे, नाहीतर येऊ नये. दारू बंद. आणि या सर्वांच्या आधी, पीडिताच्या कुटुंबाला एका जबाबदार बाईने घरी जाऊन विचारावे की त्यांना काय हवे आहे, तो कोणत्या वाटेने, कोणत्या दुकानात दिसू नये असे त्यांना वाटते. ते जे सांगतील ती पहिली अट. त्याची गैरसोय होत असेल तर होऊ द्यावी.

मला हे बोलणे सोपे जात नाही. तो सुटला त्या दिवशी त्याच्या आईला एकटीला जाववेना म्हणून मी तिच्याबरोबर कोलवाळला गेले होते. फाटकातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कपड्यांची एक प्लास्टिकची पिशवी होती आणि चपलेचा एक पट्टा सुतळीने बांधलेला होता. आई रडू लागली. मी त्याला म्हटले, ‘मी तुला भेटायला आलेली नाही, तुझ्या आईसाठी आले आहे. आणि गावात आलास तर शाळेच्या वाटेने तू कधीही जाणार नाहीस.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘वरच्या कुळागरातून जाईन, बाई.’ बसमध्ये मी त्याच्या मागच्या आसनावर बसले आणि सबंध वाटभर माझे हात थंड होते. ग्रामसभेच्या ठरावापर्यंत तो कुळागरातूनच, म्हणजे वरच्या सुपारीच्या बागेतूनच, जात होता. हे मला ठाऊक आहे, कारण मी पाहत होते. आता तो कुठून जातो हे मला सांगता येणार नाही.

सभेत एका भावाने विचारले होते, ‘तुमची नात असती तर?’ माझी नात आहे. दुसरीत शिकते. तिच्यासाठीच मला तो माणूस उजेडात, पाच जणांच्या नजरेखाली, सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी घरी येताना दिसायला हवा आहे. आणि तिच्यासाठीच मला असे गाव हवे आहे जिथे तिला कोणी नको तसा हात लावला, मग तो मामा असो, मास्तर असो की देवळातला कोणी असो, तर ती घरी येऊन सांगेल आणि आम्ही सगळे तिच्यावर विश्वास ठेवू.

कारागृह खाते आणि महिला व बालविकास खाते यांनाही या पत्राची प्रत मी पाठवत आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सुटकेनंतरच्या साहाय्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते कागदावरून गावापर्यंत आणायचे तर सुटकेच्या निदान तीन महिने आधी पीडिताच्या कुटुंबाला कळवले जावे, त्या माणसाच्या राहण्याची व उपचाराची व्यवस्था ठरावी आणि पंचायतीशी बोलणे व्हावे. फाटक उघडून प्लास्टिकची पिशवी हातात देणे ही व्यवस्था नव्हे.

जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव फेरविचारासाठी घ्यावा, असा लेखी अर्ज मी पंचायतीच्या सचिवांकडे सोमवारी दिला आहे. पाच जणांपैकी एक म्हणून माझे नाव लिहावे. वाड्यावरील एका निवृत्त हवालदारांनी आणि एका परिचारिकेने आपली नावे द्यायला मला परवानगी दिली आहे. आणखी दोन माणसे हवी आहेत. ज्यांना याविषयी बोलायचे आहे, भांडायचे असेल तर भांडायचेही आहे, त्यांनी येत्या रविवारी दुपारी चारनंतर माझ्या घरी यावे. फक्त मुलांना बरोबर आणू नये, कारण मी त्यालाही बोलावले आहे.

आपली,
गावातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका